तू काहीतरी दाबलं असशील

घरातली कुठलीही वस्तू बंद पडली, की वहिनीच्या नवऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य ठरलेलं. "तू काहीतरी दाबलं असशील." पाणी तापेना, तू काहीतरी दाबलं असशील. टीव्हीचा आवाज गेला, तू काहीतरी दाबलं असशील. एकदा शेजारच्यांच्या दाराची बेल आपली आपण वाजत सुटली, तर हा गृहस्थ मान वळवून आधी स्वतःच्या बायकोकडे बघायला लागला. म्हणजे काय म्हणावं या माणसाला!

वहिनी ही त्याची बायको. धाकट्या नणंदेने लग्नाच्या दिवसापासून वहिनी म्हणायला सुरुवात केली, मग बिल्डिंगने ती हाक उचलली, मग वाण्याने, मग पोस्टमनने. तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

तर त्या सकाळी मागच्या खोलीतल्या वहिनीच्या कॉम्प्युटरवरून पुढच्या खोलीतल्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर काही केल्या जाता येईना. रोज जो फोल्डर एका क्लिकला उघडायचा, तो आज गोल गोल फिरत राही आणि शेवटी 'सापडत नाही' म्हणून हात वर करी. आणि सापडायला हवाच होता, कारण दोघांचं पोट, म्हणजे निदान दोघांची शान, त्या फोल्डरवर चालत होती.

वहिनी पुस्तकं वाचायची. मनात नव्हे, माइकसमोर. मागच्या खोलीला चहूबाजूंनी जुन्या रजया टांगून तिने तिथे आपलं बस्तान बसवलं होतं. वाचता वाचता चूक झाली, की एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा घ्यायचं, ही त्यांची जुनी रीत. वाचून झालं, की फाइल त्या फोल्डरमध्ये टाकायची. पुढच्या खोलीत नवरा ती उघडणार, टाळ्या शोधून चुकीचं वाक्य कापणार, श्वास, पानांची सळसळ, पोटातली गुडगुड, सगळं साफ करून प्रकाशनाच्या मॅडमना पाठवणार. त्याचा जन्म रेडिओच्या स्टुडिओत गेलेला. स्टुडिओत म्हणे टाचणी पडली तरी ती कुठल्या कोपऱ्यात पडली हे तो सांगायचा. धाकटी बहीण त्याला कानसेन म्हणे, आणि त्याला ते फार आवडे.

या वेळची कादंबरी चांगली जाडजूड होती. शेवटची प्रकरणं आज संध्याकाळपर्यंत जायलाच हवी होती. "हे वेळेवर आलं, तर याच लेखिकेची बाकीची सगळी पुस्तकं तुमच्या आवाजात," असं मॅडमनी स्वतः सांगितलं होतं. वहिनीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोनवर 'कृपया लाइनवर राहा' म्हटलं होतं, लिफ्टमध्ये मजले मोजले होते, वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं वाचली होती. खरी पुस्तकं आत्ता कुठे हाताला लागली होती. ती हातची जाऊ द्यायला ती काही खुळी नव्हती.

"अहो, मी काहीही दाबलेलं नाही," ती म्हणाली. "काल चालत होतं, आज चालत नाहीये."

"काल चालत होतं ना? मग रात्रीत काय कॉम्प्युटरला झोपेत चालायची सवय लागली?" नवरा दारात उभा राहून म्हणाला. "बघ बरं, वायर निघाली असेल. टेबलाखाली जा."

वहिनी टेबलाखाली गेली. गुडघे दुखत असताना गेली, हे लक्षात ठेवा. वायर जागेवर होती. दोन्ही कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. तिने खालूनच तसं ओरडून सांगितलं. "नीट बघ," वरून हुकूम आला. तिने नीट बघितलं. वायर काढून परत घातली. मग दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. मग मधला डबा बंद करून चालू केला. मग पासवर्ड टाकून बघितला, आणि तो तंतोतंत बरोबर असताना नवऱ्याने तिच्या मानेवरून वाकून तो पुन्हा एकदा, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, टाकायला लावला. पोरीबाळींना पाढे म्हणायला लावावेत तसा.

"पेन ड्राइव्हवर देते ना," ती शेवटी म्हणाली. "चार पावलांवर तर खोली आहे. हातात आणून देते."

"पेन ड्राइव्ह नको."

"का नको?"

"नको म्हणजे नको. फाइली बिघडतात. माझी सगळी जुळणी त्या फोल्डरवर आहे." त्याने बोलता बोलता तिच्याकडे बघायचं टाळलं. "भिंतीतली वायरच गेलीय. मी नवी घेऊन येतो. आणि माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस. आधीच काय कमी करून ठेवलंयस!"

दार लागलं. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय करून ठेवलं होतं तिने? जन्मात कधी एक बटण चुकीचं दाबलं नव्हतं, आणि ऐकून मात्र रोज घ्यायचं! तिने फोन उचलला आणि सरळ नणंदेला लावला. नणंद एका मोठ्या हॉस्पिटलातलं नेटवर्क सांभाळायची. तिथे मजल्यामजल्यावर शेकडो कॉम्प्युटर, आणि सगळे तिच्या धाकात.

"तुझ्या भावाने आज माझी अब्रू काढली," वहिनीने सुरुवातच तिथून केली आणि एका दमात सगळं सांगितलं.

"थांब, थांब, वहिनी. रड नंतर. आधी मला सांग, तुझ्याकडे इंटरनेट चालतंय?"

"चालतंय. आणि रडत नाहीये मी, चिडलेय."

"त्याहून बरं. प्रिंटर कुठे आहे?"

"पुढच्या खोलीत, त्याच्या शेजारी."

"त्याच्यावर एक कागद छापून बघ."

पुढच्या खोलीतून प्रिंटरची घरघर आली. कागद बाहेर पडला.

"झालं तर मग," नणंद म्हणाली. "तुझा कॉम्प्युटर प्रिंटरपर्यंत पोचतोय. म्हणजे तुझी वायर ठणठणीत, भिंतीतली वायर ठणठणीत, मधला डबा ठणठणीत. तुझ्या बाजूला काहीही बिघडलेलं नाही."

वहिनीने डोळे मिटले. असं वाक्य तिच्या बाजूने या घरात कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. "हे मला लिहून देशील का गं?"

"फ्रेम करून देते. आता तुझ्या कॉम्प्युटरचा पत्ता काढू, तो आकडा ध्यानात ठेव, आणि दादाच्या कॉम्प्युटरवर जाऊन बस."

"हात लावू नकोस म्हणालेत."

"असं म्हणाला?" नणंदेच्या आवाजातली थट्टा थोडी कमी झाली. "आणि पेन ड्राइव्ह का नको म्हणाला?"

"फाइली बिघडतात म्हणे."

"रेडिओत जन्मभर यानं फाइली हातोहात नेल्या, तेव्हा नाही बिघडल्या? जा, बस तू तिथे. मी सांगते."

वहिनी नवऱ्याच्या खुर्चीत बसली. खुर्ची उंच होती, पाय धड टेकत नव्हते. फोन खांद्याशी धरून ती नणंद सांगेल ते उघडत गेली. या कॉम्प्युटरच्या दारावर एक पहारेकरी असतो, नणंद म्हणाली, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही ते त्याला ठरवून दिलेलं असतं. तिथे पोचल्यावर बरीच हिरवी चिन्हं होती आणि अगदी वर एकच लाल.

"लाल उघड. आत कुठला पत्ता आहे, वाच."

वहिनीने वाचला. मग परत वाचला. तो तिच्याच कॉम्प्युटरचा होता.

पलीकडून नणंदेने तो आकडा पुन्हा एकदा वाचायला लावला.

"तुझाच गं," ती म्हणाली. "वहिनी, हे आपोआप होत नाही. तो आकडा कुणीतरी हाताने टाइप करावा लागतो. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू तुमच्या फोल्डरमध्ये डोकवायचा, आठवतं? तेव्हा त्याला अडवायला दादाला हे मीच शिकवलं होतं. घरात दुसऱ्या कुणाला हे येत नाही."

"म्हणजे ह्यांनी मला अडवलं?"

"ते लाल चिन्ह काढून टाक. फोल्डर उघडेल. आणि... मी संध्याकाळी फोन करते. आत्ता मी काही बोलले तर नको ते बोलेन."

वहिनीने चिन्ह काढलं, आपल्या खोलीत जाऊन बघितलं, तर फोल्डर उघडला. एवढं सोपं होतं ते. तिने शेवटची प्रकरणं फोल्डरमध्ये टाकली आणि ती परत पुढच्या खोलीत आली. आणि तरी तिला काडीचा आनंद झाला नाही. मला टेबलाखाली घातलं! सगळं ठाऊक असताना मला गुडघ्यांवर टेबलाखाली घातलं आणि वरून 'नीट बघ' म्हणाला! पण का? माणूस हेकट होता, तोंडाळ होता, पण लबाड नव्हता. स्वतःच्याच घरातलं काम कोण बुडवतं?

समोर कालचं प्रकरण उघडं होतं, साफ करून तयार ठेवलेलं. तिने टेबलावरचे त्याचे हेडफोन कानाला लावले आणि बटण दाबलं.

पुढच्या क्षणी तिने ते ओरबाडून काढले. कानठळ्या बसल्या होत्या. तिचाच आवाज, पण अंगावर बस यावी तसा. आवाजाची पट्टी अगदी टोकापर्यंत चढवलेली होती. तिने ती खाली आणली आणि जपून पुन्हा ऐकायला घेतलं. आवाजाखाली एक बारीक शिट्टी सतत वाजत होती, चार्जरमधून येते तशी. कुणीही माणूस पहिल्या वाक्याला म्हणेल, अहो, हे काय वाजतंय? आणि हे साफ झालेलं प्रकरण!

मग, नायिका नवऱ्याला स्टेशनवर सोडून परत येते त्या पानावर, वहिनीला स्वतःचाच आवाज ऐकू आला: "थांबा हं, घसा धरलाय. हे वाक्य परत घेते."

ते कापलेलं नव्हतं. कादंबरीच्या ऐन मध्यात ती नायिका घसा खाकरून वाक्य परत घेत होती.

वहिनीला ती दुपार आठवली. एका हातात गरम पाण्याचा पेला होता, म्हणून टाळी वाजवता आली नव्हती, नुसतं तोंडाने सांगितलं होतं. आता टाळी वाजवली, की स्क्रीनवर उंच टोक येतं; ते डोळ्यांनी दिसतं. तोंडाने सांगितलेलं ऐकावं लागतं. तिने मागचं एक प्रकरण काढलं, त्याच्या मागचं काढलं. जिथे टाळी होती, तिथे सुरीने कापावं तसं स्वच्छ काम. जिथे टाळी नव्हती, तिथे सगळा कचरा जिथल्या तिथे. आणि शिट्टी सगळीकडे.

तिला हे आधी कळायला नको होतं का? पण कसं कळावं? टीव्ही मोठा लावायचा, तर पुरुष लावतातच. हाक मारली तर ओ द्यायचा नाही, तर लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठला नवरा पहिल्या हाकेला ओ देतो? तिने तो माज म्हणून खपवून घेतला होता.

मग तिच्या ध्यानात आलं. आधीची प्रकरणं तर मॅडमकडे गेलेली होती. तिने घाईने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, शेवटची प्रकरणं तयार आहेत. पण आधी पाठवलेल्यांत जरा गडबड..."

"हो, ते कळवलंच होतं आम्ही तुमच्या मिस्टरांना," मॅडम अवघडून म्हणाल्या. "फोनवर धड बोलणंच झालं नाही त्यांच्याशी, पण दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसात येऊन गेले. बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वयोमानाने होतं. तुम्हाला दम लागतो हल्ली, वाचताना चुका राहतात, हे त्यांनी अगदी काळजीने सांगितलं. हे पुस्तक पूर्ण करू आपण. पुढच्यांसाठी मात्र मी दुसऱ्या आवाजाशी बोलतेय."

वहिनीने फोन ठेवला. तिला दम खरंच लागला होता, पण तो वेगळा.

नवरा आला तेव्हा ती खिडकीशी पाठमोरी उभी होती.

"ही बघ, चांगल्यातली आणलीय," तो म्हणाला.

"किती दिवस झाले तुम्हाला ऐकू येत नाहीये?" तिने खिडकीकडे तोंड ठेवूनच, रोजच्या आवाजात विचारलं.

"भिंतीत घालायला काही त्रास नाही. लगेच होईल."

वहिनी वळली. तो वायरचं वेटोळं हातात घेऊन उभा होता, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"नेटवर्क चालू झालंय," ती म्हणाली, आता त्याच्या समोर. "तुमच्या कॉम्प्युटरने मला अडवलं होतं. मी ते काढलं. आणि मॅडमशी बोलले."

त्याने वायर टेबलावर ठेवली, ती घसरून खाली पडली, तरी उचलली नाही.

"मला दम लागतो म्हणे! वयोमानाने! अहो, जिभेला काही हाड आहे की नाही? कान तुमचे गेले आणि गळा माझा बाद करून आलात?"

"मला वाटलं, एकदा ही तारीख चुकली की त्या आपणहून काम काढून घेतील," तो हळूहळू म्हणाला. "मशीन बिघडलं म्हणता येईल. कुणाचं नाव खराब व्हायला नको."

"कुणाचं? माझं तर खराब करून झालं होतं! डॉक्टरकडे गेला होतात?"

"गेलो होतो. यंत्र लावा म्हणाला."

"मग?"

"आवाजाचं काम करणारा माणूस कानाला यंत्र लावून बसला, तर त्याला काम कोण देईल?"

"अहो, पण काम मला देत होते! मला!" वहिनीचा आवाज चिरकला. "तुम्हाला कुणी विचारत होतं का? मी वाचत होते, पुस्तकावर नाव माझं येणार होतं. मला सांगितलं असतंत तर मी बाहेरून कुणाकडून तरी साफ करून घेतलं असतं, तुम्हाला यंत्र लावून दिलं असतं, आणि चुलीत गेली जगाची बोलणी! ते नाही. मला टेबलाखाली घालायचं, मला पासवर्ड म्हणायला लावायचा!"

तो खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते बघून वहिनीला दया येण्याऐवजी जास्तच संताप आला, कारण तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट सुचली होती.

"आणि जेवताना मला काय सांगायचात?" ती म्हणाली. "'आज म्हाताऱ्याच्या मरणापाशी तू काय सुंदर थांबलीस. आज भांडण काय रंगवलंस.' ते काय होतं मग?"

त्याने मान खाली घातली. "स्क्रीनवर दिसायचं ते. थांबलीस की रेघ सपाट होते. चिडलीस की उंच जाते."

"म्हणजे तुम्ही बघत होतात."

"बघत होतो."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. मॅडम, पुस्तकं, नाव, सगळं एका बाजूला. त्या रजयांच्या खोलीत, पंखा बंद करून, घामाच्या धारा पुसत ती रोज वाचत होती ती काही माइकसाठी नव्हे. पलीकडच्या खोलीत एक माणूस कान देऊन बसलाय, त्याला कळलं म्हणजे जगाला कळलं, एवढ्या भरवशावर. रात्री ताटावर त्याने म्हटलेलं एक वाक्य तिला दुसऱ्या दिवशी पुरायचं. आणि इतके दिवस तिने एवढी थोरली कादंबरी कुणालाच वाचून दाखवली नव्हती.

"फोन लावा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"मॅडमना. आत्ता. माझ्यासमोर. माझं वाटोळं करायला पायी चालत गेलात ना? मग निस्तरायला फोन तरी करा."

त्याने लावला. वहिनीने स्पीकर चालू केला. तो फोन दोन्ही हातांत धरून, जरा जास्तच मोठ्याने बोलला, "मॅडम, मी खोटं बोललो होतो. हिच्या वाचण्यात काही दोष नाही. दोष माझ्या कानात आहे. मला ऐकू येत नाही." मग थांबून, जणू स्वतःलाच नीट कळावं म्हणून, त्याने ते पुन्हा म्हटलं. "मला ऐकू येत नाही."

मॅडम बराच वेळ बोलल्या. तो फोनकडे आणि बायकोच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिला. फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

क्षणभर वहिनीला वाटलं, सांगूच नये. बसू दे असंच. पण तेही तिच्याने होईना.

"म्हणाल्या, सगळी प्रकरणं दुसऱ्या कुणाकडून साफ करून आणा, उशीर झाला तरी चालेल. पुढच्या पुस्तकांचं अजून काही सांगत नाही म्हणाल्या. दुसऱ्या बाईंना शब्द देऊन बसल्यायत, तो मोडता येतो का बघते म्हणाल्या. मोडता आला नाही, तर गेलं."

त्याने मान हलवली. मग घाबरत घाबरत विचारलं, "आणि तू? तू काय म्हणतेस?"

"मी?" वहिनी उठली. "मी अजून बोलायला सुरुवातच केलेली नाही."

तिने खुर्ची ओढली, त्याला आपले ओठ नीट दिसतील अशी त्याच्या समोर आणून ठेवली, त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि बोलायला लागली.